चाऱ्याचा हिशेब आणि मुंबईची म्हैस

मुंबईचा इतिहास लिहिणारांनीं किल्ला, गोदी, गिरण्या आणि आगगाडी ह्यांना भरपूर पानें दिलीं आहेत; परंतु ज्या गवताच्या गाड्यांवर आणि सरकीच्या पोत्यांवर ह्या नगरीचा सकाळचा चहा कित्येक पिढ्या अवलंबून राहिला, त्यांना एखादा परिच्छेदहि क्वचितच मिळाला आहे. अंधेरी, जोगेश्वरी, गोरेगांव, कांदिवली, बोरिवली, आणि तिकडे घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत ज्यांचें आयुष्य गेलें, त्यांना म्हशींचे तबेले नवे नाहींत. मात्र त्या तबेल्यांत एक मोठा आर्थिक प्रश्न रोज सोडविला जात होता, इकडे आपलें लक्ष सहसा गेलेलें नाहीं. जनावराला घातलेल्या वैरणीचें मनुष्याला काय परत मिळतें, हा तो प्रश्न होय. मुंबईनें त्याला दिलेलें उत्तर बेरीज-वजाबाकीच्या दृष्टीनें चुकीचें नव्हतें. तरीहि त्याचा परिणाम विपरीत झाला. असें कां व्हावें, हें पाहणें हा ह्या लेखाचा हेतु आहे.

हा प्रश्न पद्धतशीरपणें विचारला गेला तो अठराव्या शतकांतील इंग्लंडांत, आणि तोहि मांसाच्या संबंधानें. शहरें वाढत होतीं, कारखाने उभे राहत होते, आणि वाढत्या वस्तीला मांस पुरविणें हा किफायतीचा धंदा झाला होता. लीस्टरशायर परगण्यांतील डिश्ले येथील शेतकरी रॉबर्ट बेकवेल (१७२५–१७९५) ह्यानें आपल्या मेंढ्यांकडे व गुरांकडे ह्या दृष्टीनें पाहिलें. चांगलें जनावर म्हणजे मोठें जनावर, असा त्या काळीं सर्वसाधारण समज होता. बेकवेलनें निराळा प्रश्न केला: दिलेल्या चाऱ्यावर कोणतें जनावर लवकर पुष्ट होतें, आणि तें मांस अंगाच्या कोणत्या भागावर चढतें? थोराड हाडांचें जनावर पुष्कळ खातें आणि त्यांतील बराचसा भाग स्वतःचा देह पोसण्यांतच घालवितें. त्यापेक्षां लहान हाडांचें व लवकर भरणारें जनावर शेतकऱ्यास अधिक परवडतें, असें त्यानें ताडलें.

त्याची रीति साधी होती. नर व माद्या सरसकट एकत्र चरूं द्यावयाच्या नाहींत. इच्छित गुण असलेल्या, प्रसंगीं जवळच्या नात्यांतील, जनावरांचाच संयोग घडवून आणावयाचा. आणि आपले एडके विकण्याऐवजीं हंगामापुरते भाड्यानें द्यावयाचे. ह्या शेवटच्या युक्तींत मोठें मर्म होतें. वेगवेगळ्या शेतांवर एकाच एडक्याचीं पिलें कशीं निपजतात हें त्यामुळें पाहतां येई, आणि जो उत्तम ठरे तो परत घरीं आणतां येई. नराची परीक्षा त्याच्या रूपावरून न करतां त्याच्या संततीवरून करावी, हें आजच्या पशुसंवर्धनशास्त्राचें सूत्र येथें बीजरूपानें दिसतें. बेकवेलला सर्वत्र यश आलें असें नाहीं. त्याच्या लांबशिंगी गुरांच्या अंगावर चरबी चढली, परंतु दूध व प्रजननशक्ति उतरली. आणि थोड्याच काळांत डरहॅमकडील कॉलिंग बंधूंच्या आंखूडशिंगी जातीनें त्यांना मागें टाकलें. ह्या जातींतील कॉमेट नांवाचा वळू १८१० सालीं एक हजार गिनींस विकला गेला, आणि १८२२ सालीं जॉर्ज कोट्स ह्यानें त्या जातीची वंशावळ छापून प्रसिद्ध केली. एका वळूला एक हजार गिनी मोजणारे लोक वेडे नव्हते. ते त्याच्या मांसाची किंमत देत नव्हते. त्याच्यापासून पुढें होणाऱ्या वासरांची किंमत आगाऊ देत होते.

डार्विननें १८५९ सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथांत बेकवेल व कॉलिंग ह्यांचा उल्लेख करून मनुष्याकडून होणाऱ्या निवडीचे दोन प्रकार सांगितले आहेत. पहिला प्रकार हेतुपूर्वक निवडीचा. बेकवेलची निवड ह्या प्रकारची. दुसरा प्रकार अजाणतां होणाऱ्या निवडीचा. जात सुधारावी असा कांहींएक विचार मनांत नसतां, केवळ आपल्या दारीं उत्तम जनावर असावें म्हणून जो मनुष्य उत्तम तेवढें राखतो, तोहि पिढ्यान्‌पिढ्या जात बदलीत असतो. कारण राखलेल्या जनावरांचीच संतति मागें उरते. ह्या दोन्ही प्रकारांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. जें निवडलें गेलें त्याचा वंश चालतो, ही ती गोष्ट. परंतु निवड झाली आणि नेमकी तेवढ्याचमुळें वंश तुटला, असें जर घडलें, तर त्यास काय म्हणावें? मुंबईच्या तबेल्यांत हेंच घडलें, आणि म्हणून त्याची कथा सांगण्यासारखी आहे.

निवडीची कला आपल्या लोकांस ठाऊक नव्हती असें मात्र कोणीं समजूं नये. माणदेशच्या रूक्ष माळावर, तुटपुंज्या चाऱ्यावर वाढून, गाडीला जुंपला असतां वाऱ्यासारखा धांवणारा खिलार बैल हा योगायोगानें झालेला नाहीं. कोणता खोंड वळू म्हणून राखावयाचा आणि कोणता खच्ची करावयाचा, ह्याचा निर्णय धनगर व थिल्लारी लोकांनीं पिढ्यान्‌पिढ्या केला, तेव्हां तो झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत दक्षिण महाराष्ट्रांतील पटवर्धन संस्थानिकांनीं गीर, ओंगोल, कांकरेज आणि म्हैसूरकडील रक्ताचा मेळ घालून कृष्णाकांठच्या काळ्या चिकण जमिनींत काम करणारी एक भारदस्त जात तयार केली. ती कृष्णा खोऱ्याची जात म्हणून ओळखली जाते. तलवारीसारख्या लांब शिंगांची पंढरपुरी म्हैस कडब्यावर आणि उसाच्या वाढ्यावर निभावून दूध देते. कोल्हापुरांत गवळी तिला रस्त्याच्या कडेला उभी करून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून देतात. हीं सर्व उदाहरणें जाणत्या निवडीचीं आहेत. फरक इतकाच कीं, आपल्याकडे चाऱ्याचा मोबदला मोजला गेला तो नांगराच्या तासांत किंवा दुधाच्या मापांत. मांसासाठीं म्हणून गुरांची वा म्हशींची जात आपल्याकडे निपजविली गेली नाहीं. मांस हें दुधाच्या किंवा कष्टाच्या अखेरीस उरणारें उत्पन्न होतें.

ही कला असतांनाहि देशाच्या एकंदर पशुधनाची स्थिति हलाखीची कां, ह्याचा विचार लॉर्ड लिनलिथगो ह्यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या शाही शेतकी कमिशननें १९२८ सालच्या अहवालांत केला. त्यांत त्यांनीं एक दुष्टचक्र दाखवून दिलें. चारा अपुरा म्हणून गाय-म्हैस दुबळी. दुबळी म्हणून ती उशीरा गाभण राहते आणि तिचीं वासरें खुरटीं निपजतात. तीं पुरेसें काम देत नाहींत म्हणून शेतकरी अधिक गुरें बाळगतो. आणि गुरें अधिक झालीं म्हणजे प्रत्येकाच्या वांट्याला चारा आणखी कमी येतो. बेकवेलच्या इंग्लंडांत चारा थोड्या व निवडक जनावरांकडे वळत गेला. आपल्याकडे तो अनेकांच्या केवळ प्राणधारणेंत खर्ची पडत होता. ह्या चक्रांतून बाहेर पडण्याचा मार्ग एकच होता: ज्या थोड्या माद्या खाल्ल्या चाऱ्याचें भरघोस फळ देतात, त्यांना ओळखून त्यांचा वंश वाढविणें. त्या माद्यांना ओळखण्याचें काम देशांत अतिशय कुशलतेनें होत होतें. तें करणारा मनुष्य म्हणजे मुंबईच्या तबेलेवाल्यांचा दलाल.

मुंबईला दूध हवें होतें आणि तें ताजें हवें होतें. बर्फाची व शीतगृहांची सोय नसतांना उन्हाळ्यांत दूरचें दूध नासल्यावांचून शहरांत पोहोंचत नसे. म्हणून दुधाऐवजीं म्हैसच शहरांत आणली गेली. गाईच्या दुधांत स्निग्धांश सामान्यतः शेंकडा चारच्या आसपास, तर म्हशीच्या दुधांत सातच्या आसपास असतो. दाट दुधाच्या चहाला आणि खव्याला सरावलेल्या शहरानें म्हैस पसंत केली, ह्यांत नवल नाहीं. रोहतकाकडील मुऱ्हा, काठेवाडची जाफराबादी, मेहसाणा भागांतील मेहसाणी, चरोतरांतील सुरती, अशा नामांकित जातींच्या ताज्या व्यालेल्या म्हशी आगगाडीच्या डब्यांतून मुंबईस येत. शहर वाढलें, जागा महागली, तसे तबेले उत्तरेकडे सरकत जाऊन उपनगरांत स्थिरावले. ठाणें जिल्ह्यांतील डोंगरउतारांवरचें गवत त्यांच्याकडे येई. सरकी, पेंड, चुनी, भुसा बाजारांतून येई. म्हणजे तबेलेवाल्याला गवताची एकेक काडी रोकड पैशानें विकत घ्यावी लागे. खेड्यांतला शेतकरी बांधावरचें गवत आणि शेतांतला कडबा घालतो, त्याचा तो पैशांत हिशेब करीत नाहीं. तबेलेवाल्याला तो रोज संध्याकाळीं करावा लागे.

ह्या हिशेबांत एक गांठ होती. म्हैस व्याल्यापासून साधारणतः नऊ-दहा महिने दूध देते. ती वेळेवर गाभण राहिली तरी तिचे गर्भाचे दिवस दहा महिन्यांहून अधिक. म्हणून दोन वेतांत सव्वा ते दीड वर्षाचें अंतर पडतें, आणि मधले कांहीं महिने ती भाकड असते. तबेल्यांत रेडा बाळगणें म्हणजे एका दुभत्या म्हशीची जागा व वैरण अडविणें. म्हणून तो बहुधा नसे, आणि म्हैस गाभण न राहतांच आटे. मग तिला वर्षभराहून अधिक काळ विकतच्या चाऱ्यावर पोसावयाचें कीं खाटकाला देऊन त्या पैशांत थोडी भर घालून नवी व्यालेली म्हैस आणावयाची, असा प्रश्न उभा राही. दुभत्या गाईच्या लाथा गोड अशी आपल्याकडे म्हण आहे. भाकड म्हशीचा तर श्वासहि तबेल्यांत महाग पडे. उत्तर ठरलेलेंच होतें.

हें उत्तर किती शहाणपणाचें होतें हें पाहण्याकरितां एक ढोबळ हिशेब मांडूं. आंकडे सोयीसाठीं गृहीत धरले आहेत, परंतु चांगल्या म्हशीच्या बाबतींत ते वस्तुस्थितीपासून फार दूर नाहींत. समजा, एक म्हैस ३०० दिवसांत ३,००० लिटर दूध देते आणि ह्या काळांत रोज १४ किलो कोरडा चारा खाते; म्हणजे ४,२०० किलो. तबेलेवाल्याच्या वहींत लिटरामागें १.४ किलो चारा पडला. आतां तिला १५० दिवस भाकड पोसलें व रोज ९ किलो चारा घातला, तर १,३५० किलो वाढले आणि लिटरामागें चारा १.८५ किलो झाला. तबेलेवाला म्हणतो, हा तोटा मीं कां सोसावा? त्याच्या वहीपुरतें त्याचें म्हणणें बिनतोड आहे.

परंतु त्याच्या वहींत एक रक्कम लिहिलेलीच नाहीं. ती म्हैस आभाळांतून पडलेली नसते. जन्मापासून पहिल्या वेतापर्यंतचीं सुमारें चार वर्षें कोणी तरी तिला खाऊं घातलेलें असतें. त्या काळांतील चारा ६,००० किलो धरूं. आतां पहिल्याच वेतानंतर ती कापली गेली, तर तिच्या जन्मभराच्या दुधामागें लिटरास ३.४ किलो चारा लागला. एक वेत गांवीं व दुसरें मुंबईस होऊन ती गेली, तर सुमारें २.६ किलो. आणि पांच वेतें होईतों ती जगली, तर मधले चार भाकड काळ जमेस धरूनहि, २.१६ किलो. म्हणजे भाकड काळाचा जो चारा तबेलेवाल्याला निव्वळ नुकसान वाटतो, तो देशाच्या हिशेबांत नुकसान वाचविणारा ठरतो. दोघांचेंहि गणित बरोबर आहे. एकाच्या हिशेबाची मुदत दहा महिने आहे. दुसऱ्याची जनावराच्या आयुष्याएवढी. ह्यापलीकडे तिसरीहि एक मुदत आहे, ती वंशाची. आणि खरी हानि तेथें झाली.

म्हशीबरोबर तिचें रेडकूं येई. तबेल्यांत त्याचें काम एकच, म्हशीला पान्हा फोडणें. तें जें दूध पिई त्याची किंमत त्याच्या स्वतःच्या किंमतीहून अधिक होई; म्हणून थोड्याच दिवसांत बहुतेक रेडकें उपासानें मरत. मग कधीं पेंढा भरलेलें कातडें म्हशीपुढें धरीत, तर कधीं फुंका घालण्याचा अघोरी उपाय करीत. १९६० सालच्या प्राणिक्लेश-प्रतिबंधक कायद्यानें फुंका हा गुन्हा ठरविला. पुढें त्याची जागा ऑक्सिटोसिनच्या टोंचणीनें घेतली. ह्या प्रकारांतील क्रौर्याबद्दल पुष्कळ लिहिलें गेलें आहे, आणि तें योग्यच आहे. परंतु क्रौर्याच्या जोडीला येथें एक अविचारहि होता. जीं रेडकें मेलीं, तीं देशांतल्या निवडक म्हशींचीं होतीं. त्यांतील प्रत्येक पारडी ही उद्यांची दुभती म्हैस, आणि एखाददुसरें नर रेडकूं हा साऱ्या गांवाच्या उपयोगी पडणारा रेडा होता.

नराची गोष्ट विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे. कोणी म्हणेल कीं, म्हैस गेली तरी तिची जात गांवीं राहिलीच; निम्मी आनुवंशिकता रेड्याकडून येते, आणि रेडे कांहीं मुंबईस जात नसत. हें खरें, पण गांवचा उत्तम रेडा म्हणजे तरी कोण? उत्तम म्हशीचा मुलगा. ती म्हैस जर दुसऱ्या-तिसऱ्या वेताला, आपला मुलगा पाठीशीं घेऊन, मुंबईच्या गाडींत चढली, तर गांवाला रेडा मिळतो तो दुसऱ्या प्रतीच्या म्हशीचा. म्हणजे एक म्हैस नेतांना मुंबईनें गांवाच्या दोन्ही बाजू दुबळ्या केल्या.

दुसरी बाजूहि न्यायानें मांडली पाहिजे. मुंबईचा दलाल चांगल्या म्हशीला चांगला भाव देई. त्या भावाच्या आशेनें पुष्कळ शेतकरी-पशुपालकांनीं पारड्या जतन करून वाढविल्या, आणि त्या पैशांतून कर्जें फेडलीं, लग्नें केलीं. शहराची मागणी नसती तर त्यांतील किती पारड्या नीट पोसल्या गेल्या असत्या, हा प्रश्नच आहे. परंतु हा पैसा येई तो म्हैस दावणींतून कायमची गेली म्हणजे. कॉमेटसाठीं हजार गिनी देणारांनीं भावी वंशाची किंमत दिली. मुंबईच्या दलालानें दिली ती एका वेताची. बाजारानें गुण बरोबर ओळखला, भावहि बरा दिला, आणि तरीहि तो गुण पुढच्या पिढींत पोहोंचला नाहीं. निवड उलटी झाली ती अशी.

आश्चर्य हें कीं, ह्याच शहरांत ह्याच्या अगदीं विरुद्ध टोंकाची एक संस्था नांदत होती. १८३४ सालीं सर जमशेटजी जिजीभाई व त्यांचे सहकारी ह्यांनीं स्थापिलेली मुंबईची पांजरापोळ म्हातारीं, लंगडीं, भाकड अशीं सर्व जनावरें सांभाळीत आली आहे. घाटकोपरापासून जवळच असलेल्या चेंबूरकडे आज हजारों मोटारी ज्या पांजरापोळ नाक्यावरून जातात, त्याला नांव मिळालें तें ह्याच कार्यावरून. तबेल्यांत निवड होती, पण संगोपन नव्हतें. पांजरापोळींत संगोपन होतें, पण निवड नव्हती. करुणा हा पांजरापोळीचा धर्म होता आणि तो तिनें पाळला. वंशसुधारणेचा भार तिच्यावर टाकणें उचित नव्हे. तथापि हिशेबी मनुष्य एका दारानें गेला, दयाळू मनुष्य दुसऱ्या दारानें गेला, आणि चांगल्या म्हशीची पारडी दोघांच्याहि दृष्टीआड राहिली, ही गोष्ट खरी.

सरकारनें ह्यांत हात घातला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. शहरांतील तबेले गलिच्छ, दूध भेसळीचें, ही तक्रार जुनीच होती. दारा खुरोडी ह्यांच्या नेतृत्वाखालीं १९४९ सालीं गोरेगांवच्या डोंगराळ भागांत सुमारें १,२८७ हेक्टर जमिनीवर आरे दुग्धवसाहत उभी राहूं लागली, आणि १९५१ सालीं पंडित नेहरूंच्या हस्तें तिचें उद्घाटन झालें. बत्तीस तबेले, सुमारें सोळा हजार जनावरें, मोकळी हवा, धुण्यापुसण्याची व्यवस्था, ओल्या पॅरा गवताचीं शेतें, असा तो प्रचंड संसार होता. म्हशी खाजगी मालकांच्या, जागा सरकारची, आणि दूध सरकारनें विकत घ्यावयाचें, अशी रचना होती. खुरोडी ह्यांना १९६३ सालीं त्रिभुवनदास पटेल व वर्गीस कुरियन ह्यांच्यासह मॅगसेसे पारितोषिक मिळालें, तें सर्वथा योग्य होतें. आरेनें मुंबईच्या मुलांना स्वच्छ दूध दिलें.

परंतु ह्या तिघांच्या नांवांतच दोन मार्गांचा भेद सांठविलेला आहे. आरेनें म्हशीला चांगलें घर दिलें. तरी म्हैस शेंकडों मैलांवरून शहराजवळ आणावयाची, हें मूळ सूत्र बदललें नाहीं. खेडा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या १९४६ सालच्या सहकारी संघानें दुसरें सूत्र पुढें ठेवलें: म्हैस गांवींच राहावी, प्रवास दुधानें करावा. आणंद ते मुंबई हें सव्वाचारशें किलोमीटरांचें अंतर निर्जंतुक केलेलें थंड दूध आगगाडीनें पार करूं शकतें, हें एकदां सिद्ध झाल्यावर तबेल्याचें अर्थशास्त्रीय कारणच ढिलें पडलें. १९७० सालीं सुरू झालेल्या दुग्धमहापूर योजनेनें हेंच सूत्र मुंबईसह चार महानगरांना लागू केलें. ह्या योजनेची चर्चा करतांना दूध किती वाढलें हें आपण नेहमीं सांगतों. तिचा एक अबोल परिणाम मात्र सहसा सांगितला जात नाहीं. उत्तम म्हैस गांवच्या गोठ्यांत राहिली म्हणजे तिची दुसरी, तिसरी, चौथी वेतें गांवीं होतात. भाकड काळांत ती बांधावरच्या गवतावर निभावते. आणि तिची पारडी मरत नाहीं. दुधाची टाकी ही अशा रीतीनें वंशरक्षणाचें साधन झाली.

मांसाच्या जनावरांच्या बाबतींत पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनाहि मुदतीचा हाच धडा निराळ्या वाटेनें शिकावा लागला. बंदिस्त गोठ्यांत पोसलेल्या गोऱ्ह्याचें वजन एक किलो वाढण्यास सामान्यतः सहा ते आठ किलो कोरडें खाद्य लागतें. म्हणून खाद्य भागिले वाढलेलें वजन, ह्या गुणोत्तरावर निवड करावी, हा विचार सहज सुचणारा होता. अडचण अशी निघाली कीं, ह्या मापानें झपाट्यानें वाढणारीं जनावरें पुढें येतात, त्यांच्या मुली मोठ्या देहाच्या गाई होतात, आणि मोठी गाय वर्षाचे बारा महिने अधिक खाते. मांसाच्या धंद्यांतील एकंदर चाऱ्यापैकीं अर्ध्याहून अधिक चारा तर केवळ देहधारणेंतच जातो. म्हणजे गोऱ्ह्याच्या वहींत झालेला नफा आईच्या वहींत बुडूं लागला. १९६३ सालीं अमेरिकेंत रॉबर्ट कोच व त्यांच्या सहकाऱ्यांनीं निराळें माप सुचविलें. जनावराचें वजन आणि त्याची वाढ ह्यांवरून त्यानें किती खावयास हवें हें आधीं काढावें. मग प्रत्यक्ष किती खाल्लें तें मोजावें. आणि जें अपेक्षेपेक्षां कमी खाऊन तितकेंच वाढतें तें काटकसरी समजावें. जनावराजनावरांतील ह्या फरकाचा सुमारें तिसरा हिस्सा आनुवंशिक असतो असें दिसून आलें. ऑस्ट्रेलियांतील ट्रॅंगी येथें १९९३ पासून अँगस गुरांवर ह्या मापानें निवड करण्यांत आली, तेव्हां काटकसरी वंशाचीं जनावरें तितक्याच वजनाचीं होऊनहि कमी खाऊं लागलीं.

हें शास्त्र परक्या भूमींत वाढलें तरी त्याचें पुष्कळसें भांडवल आपलेंच आहे. आपली ओंगोल जात एकोणिसाव्या शतकांत ब्राझिलांत पोहोंचली आणि नेल्लोर जिल्ह्यावरून तेथें नेलोर म्हटली जाऊं लागली. उष्ण हवा, गोचिडी आणि निकस गवत सोसून वाढण्याचा तिचा गुण तेथील पशुपालकांनीं ओळखला, वंशावळी लिहून ठेवल्या, वळूंची परीक्षा केली, आणि आज त्या देशाच्या मांसव्यापाराचा पाया मुख्यतः ह्याच जातीवर उभा आहे. आपल्या कायद्यांना व श्रद्धांना धरून आपला मार्ग वेगळा आहे. महाराष्ट्रांत गाईच्या कत्तलीस १९७६ च्या कायद्यानें, आणि बैल व वळू ह्यांच्या कत्तलीस २०१५ पासून बंदी आहे. आपल्याकडे मोठ्या जनावराचें मांस म्हणजे आतां म्हशी-रेड्याचेंच. त्यामुळें ब्राझिलच्या वाटेनें जाण्याचा प्रश्न येथें उद्भवत नाहीं. घेण्यासारखें आहे तें त्यांचें लेखन: कोणती मादी किती खाऊन किती देते, आणि तिचे मुलगे-मुली कोठें आहेत.

आज आरे म्हटलें म्हणजे लोकांना मेट्रोची गाडीशाळा आणि २०१९ सालीं तोडलेलीं झाडें आठवतात. म्हशी आठवतात त्या क्वचितच. तरी तबेले अजून आहेत, आरेंतहि आणि जोगेश्वरी-गोरेगांवकडेहि. ते पालघर जिल्ह्यांतील दापचरीस हलवावे, ही चर्चा वर्षानुवर्षें चालत आली आहे. ती चर्चा जागेची, वासाची आणि सांडपाण्याची असते. तबेला मुलुंडास असो कीं दापचरीस, त्याच्या वहीची मुदत दहा महिन्यांचीच राहिली तर गांव बदलून कांहीं साधणार नाहीं. उलट कृत्रिम रेतन, मादी पिलेंच व्हावीं अशा प्रकारें वेगळें काढलेलें रेत, रक्ताच्या थेंबावरून आनुवंशिक गुण जोखण्याची विद्या, हीं साधनें आज हातीं असतांना, तबेल्यांतली म्हैस आटण्यापूर्वीं गाभण राहणें आणि तिची पारडी एखाद्या शेतकऱ्याच्या दावणीला पोहोंचणें हें पूर्वींइतकें अवघड राहिलेलें नाहीं.

त्यासाठीं तबेलेवाल्याला साधु व्हावयास सांगण्याचें कारण नाहीं. दहा महिन्यांचा हिशेब करणारा मनुष्य दुष्ट असतो असें नाहीं. त्याला पुढच्या मुदतीचा पैसा कोणी देऊं केलेला नसतो, इतकेंच. पारडीला जिवंतपणीं भाव मिळाला, आणि तो तिनें प्यालेल्या दुधाच्या किंमतीहून थोडा जास्त असला, तर तोच हिशेबी मनुष्य तिला उत्तम रीतीनें जगवील. तो भाव कोणीं द्यावयाचा, शहरानें, सरकारनें कीं दूधसंघानें, हें ठरविलें पाहिजे. आणि तें ठरवितांना तबेल्यांतल्या म्हशींबरोबर त्यांच्या रेडकांचीहि मोजणी झाली पाहिजे. आजवर ती कोणाच्याच वहींत नव्हती.